मोकळ्या हातानं आलेली लेक

काष्टीच्या स्टँडवरून पुण्याची एस.टी. हलली, तरी आईनं खिडकीची दांडी सोडली नव्हती. बहात्तरचा दुष्काळ. दादा, म्हणजे आमचे वडील, खडी फोडायच्या कामावर, विहीर कोरडी ठणठणीत, आणि घरातली थोरली म्हणून मी पुण्याला क्षयाच्या दवाखान्यातल्या स्वयंपाकघरात कामाला निघालेली. आई गाडीबरोबर पळत ओरडली, "प्रार्थना चुकवू नगंस! शहरात सैतान लई हाय!" अख्खी गाडी माझ्याकडं बघायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गावी राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाठोडं उचलून निघालेल्यांनो, खरं सांगते, मी त्या सैतानाची पुण्यात फार वाट पाहिली. सिनेमाच्या पोस्टरखालून जाताना पदर घट्ट धरायचे. पण तो तिथं नव्हताच. तो आला थेट कोठीत, जिथं पेशंटचं धान्य असायचं, आणि आला तो इतक्या मायेनं, की मला ओळखूच येईना.

नाताळच्या सुट्टीला मी घरी निघाले होते. पगार आधीच पाठवून संपलेला. राहेलबाई आमच्या मुख्य स्वयंपाकीण, आमच्यातल्याच, ख्रिस्ती. त्यांनी मला कोठीत बोलावलं आणि माझी पिशवी गव्हानं गच्च भरली. "ने गं पोरी. भावंडं उपाशी आणि इथं पोती पडलीत. भुकेल्याला खायला द्या, असं प्रभूच म्हणाला ना?"

मला रडूच फुटलं. किती चांगली बाई, असंच वाटलं. पिशवी मी काखेत मारलीसुद्धा.

पण आमच्या घरांत एक रीत आहे. दळायला बसण्याआधी घरातली बाई देवासाठी मूठभर धान्य बाजूला काढते आणि रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नेऊन देते. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीतून, त्या मिलोतूनही आईनं ती मूठ कधी चुकवली नव्हती. हे गहू घरी गेले की ती आधी त्यात हात घालणार, डोळे मिटणार आणि आभार मानणार. कशाचे? खोकून खोकून अर्धे झालेल्या पेशंटच्या तोंडच्या घासाचे? माझ्या अंगावर काटाच आला. मनात म्हटलं, अरे सैताना, चोरा, बायबल तोंडात धरून आलास होय!

मी पिशवी पोत्यात उलटी केली. "आज पोटाला चिमटा काढीन बाई, पण हे नाही नेणार."

"मर मग उपाशी!" राहेलबाई तणतणल्या. सुट्टीनंतर किती तरी दिवस त्यांनी मला मोठी पातेली घासायला लावली. घासली की, गाणी म्हणत घासली!

अवघड होतं ते घरी जाणं. धाकट्या भावानं माझी पिशवी उलटी करून झटकली, कोपरे चाचपले आणि भोकाड पसरलं. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. चुकले की काय मी? मी आईला सगळं सांगून टाकलं. ती ऐकता ऐकता भाकरी थापत राहिली. सगळ्यांनी मिलोची भाकरी खाल्ली आणि गप झोपलो.

नाताळच्या उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली, तशी आई उभी राहिली. सगळं देऊळ खडी फोडून आलेल्या माणसांचं. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिनं माझा हात धरून वर केला. "बगा! माजी लेक पुन्याहून मोकळ्या हातानं आली हाय! सैतानानं पिशवी भरली, हिनं त्याच्या म्होरं रिती केली! म्हना हालेलुया!"

आणि त्या उपाशी माणसांनी जो हालेलुया म्हटला, तसा पुण्याच्या मोठ्या चर्चमध्येही मी आजवर ऐकला नाही. ढोलकी कडाडली, झांजा घुमल्या. दादा डोळे पुसत हसत होते. भावाला काही कळलं नव्हतं, पण सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता.

आता पुण्यात माझं स्वतःचं घर आहे, गॅस आहे, फ्रीज भरलेला असतो. सुना विचारतात, "आई, तुमचं घर कोणतं? इथलं की गावचं?" मी सांगते, बायांनो, जिथं मी काही न आणता गेले आणि लोकांनी ढोलकी वाजवली, ते माझं घर.