थांबाकाका

फोन उचलला की थांबाकाका ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘थांबा. हात काढा,’ म्हणत. कॉम्प्युटर बिघडल्यावर माणूस एका हाताने फोन करतो आणि दुसऱ्या हाताने माउस बडवत असतो, आणि खरं नुकसान व्हायरसपेक्षा तो दुसरा हात करतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचं खरं नाव शनिवार पेठेत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून ते निवृत्त झाले होते आणि माझ्या दुकानामागच्या गल्लीत एकटेच राहत. माझं दुकान मराठी टायपिंगचं. प्रबंध, शाळांचे अंक, पत्रिका अशी कामं. दिवसभर मुलं प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन येणार आणि त्यातल्या निम्म्यांत आधीच कुठल्यातरी व्हायरसने बिऱ्हाड थाटलेलं असणार. त्यामुळे आमची ओळख होणं अटळ होतं.

मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात भित्रा माणूस म्हणजे थांबाकाका. कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी ते दोन्ही तळवे पॅंटवर पुसत, कारण त्यांना घाम फुटलेला असे. इतकी वर्षं हेच काम करून घाम कसा फुटतो, असं मी एकदा विचारलं. ‘ज्याला फुटत नाही त्याला बोलवा की,’ ते म्हणाले. निर्धास्त माणसांवर त्यांचा विशेष राग. एकदा कोथरूडहून प्रबंध बांधून घ्यायला आलेले एक गृहस्थ मध्येच बोलले, ‘अहो, एवढं काय घाबरायचं त्यात? फॉर्मॅट मारा, नवंकोरं होईल.’ काकांनी मान वळवली नाही. ‘आपलं डोकं दुखलं की आपण बदलून घेता का?’ त्यांनी विचारलं. गृहस्थ प्रबंध घेऊन गेले ते परत आले नाहीत. माझं गिऱ्हाईक गेलं म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाले, ‘तुमचं मशिन वाचलं.’

व्हायरस शोधून काढणारी सॉफ्टवेअर ही त्यांची हत्यारं, आणि ती सगळी एका पेन ड्राइव्हमध्ये मावत. त्याच्या कडेला एक बारीकशी खिट्टी होती. ती सरकवली की त्यातलं वाचता येई, पण त्यात काही लिहिता येत नसे. म्हणजे आजाऱ्याकडून वैद्याला लागण होण्याची भीती नाही. हत्यार निवडताना ते मुलीसाठी स्थळ पाहावं तशी चौकशी करत. ते मशिनवर बसवून घ्यावं लागता कामा नये, पेन ड्राइव्हवरूनच चाललं पाहिजे. ते ज्यांनी बनवलं त्यांच्याच घरून आणलेलं हवं, आणि तेही काकांच्या स्वतःच्या धडधाकट मशिनवर. ‘आजारी मशिनवर औषध शोधायचं नाही. चोराला विचारून कुलूप घेता का?’ आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे ते आगाऊ नको. काय सापडलं ते आधी दाखवावं, विचारावं, आणि मगच हात लावावा. सापडलेलं थेट पुसून टाकणारं हत्यार ते दारातूनच परत पाठवत. ‘संशयिताला आधी येरवड्याला ठेवायचं. निर्दोष निघाला तर सोडता येतो. फाशी दिल्यावर कुणाला सोडणार?’

हे सगळं मी हसत ऐकत असे. एका दुपारी ते हसणं थांबलं.

माझे बाबा बसचे कंडक्टर होते. निवृत्तीनंतर ते रोज थोडं थोडं सांगत आणि मी थेट कॉम्प्युटरवर टाइप करत असे. प्रवासी, भांडणं, बसमध्ये विसरलेल्या वस्तू, एका बाईने बसमध्येच मोडलेलं लग्न. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांना त्यांचंच एखादं पान वाचून दाखवत असे. ते मान हलवत, कधी डोळ्यांतून पाणी येई, पण ऐकताना ते आमचे पूर्वीचे बाबा असत. आता नवं काही ते सांगू शकणार नव्हते. जे होतं ते तेवढंच, आणि ते दुकानातल्या त्या मशिनमध्ये होतं.

त्या दुपारी कुणाचा तरी पेन ड्राइव्ह लावला आणि बघता बघता माझ्या सगळ्या फोल्डरांवर शॉर्टकटचे वाकडे बाण उगवले. ‘बाबा’ नावाच्या फोल्डरवरही. उघडायला गेले तर आत काहीच नाही. जवळ ठेवलेली दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती, ती त्याच मशिनला लावलेली होती. तिचीही तीच गत. बाबा गेले तर कसं वाटेल, हे मला त्या क्षणी कळलं, ते घरी खुर्चीत बसलेले असताना.

माझा फोन जाताच काका सपाता घालूनच आले. आधी इंटरनेटची वायर उपटली. ‘प्रत कुठेय?’ त्यांनी विचारलं. मी डिस्ककडे बोट दाखवलं. ‘वा. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच,’ ते म्हणाले, पण नेहमीची धार नव्हती, कारण माझा चेहरा त्यांनी पाहिला होता. मग त्यांनी आहे त्या अवस्थेत सगळ्याची नक्कल आपल्या रिकाम्या डिस्कवर घेतली. त्यात काही तास गेले. मला पडद्याकडे बघवत नव्हतं.

पहिल्या हत्याराने मूळ चोर दाखवला. काकांचा नियम असा की एकाच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही, म्हणून त्यांनी दुसरं चालवलं. त्याने चोराखाली आणखी एक लाल ओळ दाखवली. ‘कळ दाबली की टिपून घेणारा हेर’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. माझा धीर सुटला. ‘काढा हो! लाल आहे ते सगळं काढून टाका!’ मी ओरडलेच. काकांनी माझा हात माउसवरून अक्षरशः ढकलला. ‘कोण आहे ते बघितलंत का आधी?’ मी वाकून पाहिलं. ते माझं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर होतं. प्रत्येक कळ दाबली की ते मध्ये पडून मराठी अक्षर काढतं, आणि त्या बिचाऱ्या हत्याराला मराठी लिहिणं आणि चोरी करणं यांतला फरक कळला नव्हता. ते काढलं असतं तर त्याच्यासोबत त्याचे फॉन्टही गेले असते आणि बाबांच्या पानांवर न वाचता येणाऱ्या चिन्हांची नुसती भुताटकी उरली असती.

‘मी एकदा काढलंय सगळं,’ काका म्हणाले. मग पडद्याकडेच बघत, अडखळत सांगितलं. त्यांची बायको मुलीसाठी रचलेल्या गोष्टी टाइप करून ठेवत असे. फाइलींना लागण झाली होती. काका तेव्हा निर्धास्त होते. त्यांनी ‘सर्व काढा’ दाबलं आणि हत्याराने रोगासकट रोगीच काढले. पुढे बायको गेली. ‘लेक नागपूरला असते. दर वेळी फोनवर विचारते, बाबा, आईच्या गोष्टी पाठवा ना. मी सांगतो, मशिन बिघडलंय.’

चोर गेला, बाण गेले, लपवलेल्या फाइली वर आल्या. तपासायला म्हणून मी बाबांचं पहिलं पान मोठ्याने वाचायला घेतलं आणि मला रडू कोसळलं. उरलेलं पान काकांनी वाचलं. हे सगळं बाबांनी तोंडी सांगितलेलं, असं मी त्यांना म्हटलं. ‘सांगितलेलं तुम्ही लगेच टाइप करता?’ त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारचे येऊ लागले. बायकोच्या गोष्टी आठवतील तशा सांगायचे. उंदराच्या लग्नाची गोष्ट झाली, विहिरीत पडलेल्या चंद्राची झाली. तिसरी एका घाबरट हत्तिणीची होती. ती नदीपाशी येते, पलीकडे तिचं पिल्लू असतं, आणि तिला पाण्याची भीती वाटते. इथे काका थांबले. पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले आणि पुन्हा नदीपाशीच थांबले. मी म्हटलं, ‘काका, ती पोहून जाते असं घालू का?’ ते दचकलेच. ‘मनाचं काही घालू नका.’ त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती मी तेव्हा पाहिली ती कुठल्याही मशिनपुढे पाहिली नव्हती. नंतर कितीतरी दुपारी ते आले, बसले, आणि गोष्ट न सांगताच गेले. लेकीला विचारा, असं मी सुचवलं तर उठूनच गेले. त्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची लेक दुकानात आली. मी तिला तिन्ही गोष्टींची पानं दिली आणि मूळच्या कशा पुसल्या गेल्या, या कशा लिहिल्या गेल्या ते सगळं सांगितलं. ती उभ्या उभ्याच वाचत होती. हत्तिणीच्या गोष्टीत नदीपर्यंत आली, पान संपलं, आणि ती न थांबता, पानाकडे न बघता पुढे म्हणत राहिली. हत्तीण ओरडून पिल्लाला सांगते, मला भीती वाटतेय, तू इकडे ये. पिल्लू पाण्यात उतरतं, तिच्यापाशी येतं आणि तिची सोंड धरतं. सगळी गोष्ट तिला पाठ होती. सगळ्याच गोष्टी तिला पाठ होत्या.

‘मग बाबांनी मला विचारलं का नाही?’ ती म्हणाली.

‘घाबरले असतील,’ मी म्हटलं.

तिने हातातलं पान खाली ठेवलं. ‘मला?’