ताईचं चित्र उतरवलं

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज दुपारी विरारच्या एका प्रदर्शनातून मला माझं चित्र उतरवावं लागलं. अजून डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

चित्र माझ्या ताईचं होतं. कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला. त्यानंतर ती आरशासमोरही उभी राहत नव्हती. तरी चंदनसारच्या आमच्या घरात चार रविवार ती उघड्या छातीने माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आहे तशी रंगव."

आज संयोजक म्हणाले, "मॅडम, फॅमिलीज येतात. हे बघवत नाही."

शेजारीच ओल्या साडीतल्या तरुणीचं चित्र होतं. सगळं अंग दिसत होतं. मी तिकडे बोट दाखवलं.

"आता एवढं चालतं हो. आणि ते सुंदर आहे."

ताई माझ्या मागेच उभी होती. चित्रातली बाई तीच, हे त्यांना कळलंही नाही. मी भांडायला लागले, तर तिने माझा दंड धरला. "नको गं. उतरव ते."

रिक्षात ती पदर घट्ट धरून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "जाळून टाक."

मी अजून जाळलेलं नाही. पण चित्र माझं असलं, तरी शरीर तिचं आहे. तुम्ही काय केलं असतं?