हौसाची जागा आणि बोंबलणारी गाडी

हौसाबाईला माणूस ओळखायला फार वेळ लागत नसे. गिऱ्हाईक मासा हातात कसं धरतं एवढं पाहिलं की तिचं काम होई. डोक्यामागचा कल्ला उघडून आतला लाल रंग बघणारा माणूस तिच्या मते बरा. लांबून बोट दाखवून "ताजे आहेत ना?" विचारणारा अर्धवट. आणि जो घरात बसून चवीने मासे खातो, पण पाटीपाशी बायकोला पाठवतो, त्याला ती माणसांत धरतच नसे. नवीन पनवेलच्या त्या सोसायटीतला प्रितम घरत या तिसऱ्या प्रकारातला होता.

हौसा उरणजवळच्या करंजाची कोळीण. सकाळच्या एसटीने ती पनवेल स्टँडवर उतरे, तिथून रिक्षाने सोसायटीच्या गेटाशी येई आणि आत, कुंपणाच्या भिंतीला लागून असलेल्या बदामाच्या झाडाखाली पाटी टेकवी. हे अठरा वर्षं चाललं होतं. इमारतींना पहिला रंग लागला तेव्हापासून ती तिथे होती. डोक्यावर सावली, हाताशी बागेचा नळ, समोर खवले टाकायला डबा. पूर्वी ती जिने चढून दारोदार जायची, पण गुडघे गेले तसं ते सुटलं. बाहेर रस्त्यावर बसावं तर ऊन, कुत्री आणि पाटीसकट उचलून नेणारी अतिक्रमणवाल्यांची गाडी. तेव्हा आतली ती दोन हात जागा होती म्हणून हौसाचा धंदा होता. ती गेली की हौसाने करंजाला घरी बसायचं, एवढं सरळ होतं.

प्रितम मूळचा कोन गावचा. त्याची आई भामा पूर्वी पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा आणि भाजी घेऊन हौसाच्या शेजारी बसायची. दोघींनी एका डब्यातली भाकरी खाल्लेली. भामाला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा न्हावा शेव्याला, बंदरावरच्या कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसात लागला, इथे फ्लॅट घेतला, आणि जिना चढता चढता गावची बोली खालीच ठेवून आला. आता तो "नाय" म्हणत नसे, "ॲक्च्युअली" म्हणत असे. हौसाला तो "मावशी" म्हणे, पण ती मावशी कुठल्याही रिक्षावाल्याच्या तोंडी असते तीच.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत त्याने चंदेरी रंगाची गाडी घेतली. सोसायटीभर पेढे वाटले. वॉचमनला दिले, कचरा नेणाऱ्या बाईला दिले, झाडाखाली बसलेल्या हौसाला तेवढे राहिले. तिने काही मनावर घेतलं नाही. पुढ्यातच गाडी उभी होती, म्हणून सहज म्हणाली, "गारी चांगली हाय रं बाला."

प्रितमची बायको मोनाली शेजारीच हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिचा चेहरा एकदम आक्रसला.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बदामाच्या सावलीत, हौसाच्या बाजूला लागायला लागली. सावली हौसाची, गाडी प्रितमची. मग एका रविवारी जमाल इलेक्ट्रिशियन आला आणि गाडीला अलार्म बसवून गेला. त्यात सहा प्रकारचे आवाज होते. एक ॲम्ब्युलन्सचा, एक पोलिसांच्या गाडीचा, बाकीचे कुणाचे हे देवाला माहीत. प्रितमने गॅलरीतून रिमोट दाबून सहाही आवाज सगळ्यांना ऐकवले. त्याच्या तोंडावर असं समाधान होतं, जणू ते त्याने स्वतःच्या गळ्यातून काढले होते.

त्या दिवसापासून सोसायटीचं सुख संपलं. रस्त्यावरून ट्रेलर गेला की गाडी बोंबलायची. बदामाचं फळ टपावर पडलं की बोंबलायची. कावळा बसला तरी आणि उडाला तरी. पहिल्यांदा लोक खिडकीत येऊन बघत. आठवड्याभरात कुणी मानही वर करीना. उद्या खरोखर कोणी गाडी ढकलत नेली असती तरी लोकांनी "प्रितमचीच असेल" म्हणून कूस बदलली असती. चोराची एवढी सोय दुसऱ्या कुणी केली नसेल. प्रितमची सेकंड शिफ्ट असल्यामुळे सकाळभर तो घरी. आवाज झाला की बनियनवर गॅलरीत यायचा, खाली वाकून रिमोट दाबायचा, आणि जाताना हौसाकडे एक नजर टाकायचा.

शेवटी तक्रारी झाल्या म्हणून जमालला परत बोलावलं. त्याने सीटखालची डबी उघडून दाखवली.

"प्रितमभाई, ये देखो, इथे बारीक स्क्रू आहे. सेन्सर तुम्ही फुल ठेवायला सांगितला म्हणून ठेवला. अर्धा फिरवतो, सगळी तकलीफ खतम."

"नको, नको. सेफ्टीमध्ये कॉम्प्रोमाइज नाही."

"अहो, मच्छर बसला तरी वाजेल ही."

"वाजू दे. त्यासाठीच लावलीय."

जमालने डबी बंद केली. हौसाकडे बघून त्याने नुसते खांदे उडवले. हौसा बोंबील साफ करत होती. ती म्हणाली, "जमाल, तुजा कारखाना चांगला हाय रं. मालकाचा डोका सोरून सगल्याला स्क्रू लावतोस."

जमाल हसत निघून गेला. वर गॅलरीत मोनाली उभी होती. ती हसली नाही.

दोनच दिवसांनी गाडीच्या पुढच्या जाळीला काळ्या दोऱ्याने एक घोड्याची नाल लटकलेली दिसली. चांगली जाड, लोखंडी. हौसाने पाटी टेकवताना ती पाहिली आणि कुणासाठी बांधली हे तिला लगेच कळलं. गाडीला चांगली म्हटल्याबद्दलची ती पावती होती. भामाच्या घरात आपली दृष्ट काढतात, याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. पण वाईट वाटायला समोरचा माणूस तेवढ्या लायकीचा लागतो.

नाल आल्यापासून गाडी जास्तच बोंबलायला लागली. तेही एका ठरावीक वेळी, अकरा ते साडेबारा, नेमकी हौसाच्या पाटीपाशी गर्दी असताना. प्रितमने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. गुरुवारी नोटीस बोर्डावर कागद लागला. रविवारी सकाळी अकराला झाडाखाली मीटिंग, विषय आवारात मासे विकण्यास बंदी.

सेक्रेटरी दमयंतीबाई, निवृत्त शिक्षिका, हौसाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी तिला कागद वाचून दाखवला. "लेखी अर्ज आलाय, हौसाबाई. मला विषय घ्यावा लागतो. बरेच जण त्या आवाजाला कंटाळलेत, तू गेलीस तर आवाज थांबेल म्हणतात."

"मी गेली तर आवाज थांबल," हौसा म्हणाली. "आनि गारी गेली तर?"



हौसा त्या रात्री जेवली नाही. लोकांसमोर ती कितीही तोऱ्यात बोलली तरी जागा जाणार ही भीती खरी होती. शुक्रवारी आणि शनिवारी तिने एकच काम केलं. मासे कापता कापता गाडीकडे लक्ष ठेवलं. सगळा जन्म होडीवाल्यांच्या घरात गेलेला, त्यामुळे वारा तिला आधी कळायचा. अकराच्या सुमाराला खाडीकडून वारा सुटतो. पहिल्यांदा कानाजवळचे केस हलतात, मग बदामाची पानं. आणि पानं हलली की ती नाल डोलून नंबरप्लेटवर टक करून आपटायची. मग गाडी गळा काढायची. शनिवारी दुपारपर्यंत हे अकरा वेळा झालं आणि अकराही वेळा तसंच.

हौसा मनाशी हसली. आपल्या नजरेपासून गाडी वाचवायला या शहाण्याने गाडीच्या तोंडाला घंटा बांधली होती.

रविवारी पंचवीसेक माणसं जमली. प्रितम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"हे बघा, मावशींबद्दल माझं पर्सनल काही नाही," त्याने सुरुवात केली. "इश्यू सिक्युरिटीचा आहे. अलार्म उगाच वाजत नाही. कोणीतरी टच करतं म्हणून वाजतो. रोज अकरा ते साडेबारा. त्या वेळी गाडीजवळ कोण असतं?"

"मी असतंय," हौसा बसल्या जागेवरून म्हणाली. "मी अठरा वरसं असतंय. गारी दोन म्हयनं."

कोणीतरी फिसकन हसलं.

"हौसाबाई, पाटी लागते का गाडीला?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"पाटी हितं, गारी थितं. मधी हातभर जागा हाय, बगा ना. बाय, तुमी सगली जरा गप उबी ऱ्हा. झाराची पानं हालली का ती बोंबलनार. माजं दोनी हात तुमच्या समोर हायेत."

सगळे वर पानांकडे बघू लागले. पान हलेना. मिनिट गेलं, दुसरं गेलं. प्रितम हाताची घडी घालून हसत उभा होता. हौसाने विळीवर एक बोंबील घेतला आणि सावकाश त्याचं डोकं उडवलं. तिच्या कानाजवळचे केस हलले.

"आता," ती म्हणाली.

पानं सळसळली. नाल डोलली, टक झालं, आणि गाडी ॲम्ब्युलन्सच्या आवाजात किंचाळायला लागली. हौसाने दोन्ही हात वर धरले. एका हातात बोंबील होता.

प्रितमने घाईघाईने रिमोट दाबला.

"बाय, आता तुमी ती नाल हातात धरा. गारीला लागू देऊ नका. मी धरनार नाय, माजं नाव व्हयाचं परत," हौसा म्हणाली. "आनि बाला, तू गारीची बोंब परत चालू कर."

दमयंतीबाईंनी पुढे होऊन नाल अलगद धरली. प्रितमने नाइलाजाने रिमोट दाबला. वारा आला, पानं हलली, दमयंतीबाईंचा पदर उडाला. गाडी गप्प. वारा चालूच होता, गाडी गप्पच. मग बाईंनी नाल सोडली. टक. या वेळी पोलिसांचा आवाज निघाला.

पंचवीस माणसं पोट धरून हसली. प्रितमचे कान लाल झाले.

"प्रितम, ही नाल बांधलीस कशाला?" दमयंतीबाईंनी शाळेतल्या आवाजात विचारलं.

"ते... ॲक्च्युअली... घरच्यांनी असंच..."

वर गॅलरीत मोनाली होती, ती पटकन आत गेली.

"माजी दिस्ट लागू नये म्हून," हौसा शांतपणे म्हणाली. "मी गारीला चांगली म्हनली, चुकलं माजं. परत नाय म्हननार. पन भामाच्या पोरा, तुजे आयशीच्या डोक्यावरची पाटी रोज मीच उतरवली. तवा नाय तिला माजी दिस्ट लागली."

यावर कुणी हसलं नाही. दमयंतीबाईंनी हातातला कागद दुमडला, विषय रद्द झाल्याचं सांगितलं आणि प्रितमला बजावलं, एक तर नाल काढायची, नाही तर स्क्रू फिरवून घ्यायचा.

प्रितमने दोन्हींतलं काहीच केलं नाही. सोमवारी हौसा आली तेव्हा नाल होती तिथेच होती, फक्त तिला लहान मुलाचा निळा मोजा घातलेला होता आणि वरून रबर गुंडाळलं होतं. मग दमयंतीबाई मासे घ्यायला आल्या, त्यांना तिने दाखवलं.

"गारीला दिस्ट नको म्हून नाल. आनि नालेला थंडी वाजंल म्हून मोजा. याला पोर्टवर कोन पगार देतं वो?"

थोड्या वेळाने मोनाली खाली आली आणि लांबूनच बांगड्यांकडे बोट दाखवू लागली. हौसाने पाटीवर फडकं ओढलं.

"मासली पायजे तर नवऱ्याला खाली पाठव."

पाच मिनिटांनी प्रितम आला. हौसाने एक बांगडा उचलून त्याच्यापुढे धरला. "उघड कल्ला."

त्याने दोन बोटांनी कल्ला कसाबसा उघडला, आत पाहिलं, आणि आता काय म्हणायचं असतं हे न कळून तिच्या तोंडाकडे बघितलं.

"फ्रेश आहे ना?" त्याने विचारलं.

गाडीची सावली तिच्या पाटीवर आली होती. हौसाने विळी जवळ ओढली, गाडीच्या बाजूला आणखी दोन बोटं सरकून ती ऐसपैस बसली आणि बांगडा कापायला घेतला.