करजणची लाइन

गणपतीच्या आधीचा शनिवार, दुपारी सव्वाबारा. ठिकाण – बडोदे, वाडी, आमच्या घराची पुढची खोली. हजर – मी (वय चौपन्न, शाळेच्या ऑफिसात नोकरी), माझी आत्या (वय एक्क्याऐंशी) आणि तिला रोज मालिश करायला येणाऱ्या मीनाबेन.

अशा गोष्टी मला पटत नाहीत. शाळेच्या जिन्यावर पावलं वाजतात म्हणून शिपाई घाबरला, तेव्हा मीच टॉर्च घेऊन गेले आणि सैल पत्रा शोधून काढला होता. तेव्हा हसायचं असेल तर हसा... पण आधी पूर्ण वाचा.

आत्याने बडोद्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून नोकरी केली, अगदी रिटायर होईपर्यंत. जवळच्या करजणपासून थेट अहमदाबादपर्यंत बाहेरगावचे कॉल जोडायचे, तीन मिनिटं झाली की बजावायचं. आमच्या गल्लीतून सायकलवर ड्यूटीला जाणारी पहिली मुलगी तीच, हे बाबा आल्यागेल्याला सांगत. लग्न केलं नाही, आम्हा भावंडांना तिनेच शिकवलं. सव्वा वर्षापूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. भूक लागली की ‘अं’, बास. तिचा मोबाईल मीच सांभाळते. पेन्शन, बँक, औषधांची मदत – सगळं त्याच नंबरला जोडलेलं.

त्या शनिवारच्या यादीत तिसरं काम होतं ‘आत्याचा रिचार्ज’ आणि चौथं ‘आत्याच्या कानाच्या मशीनचा सेल’. तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि तिचाच फोन वाजला.

“मॅडम, आप हमारे पुराने कस्टमर हैं. सालभर का प्लान आधे दाम में, सिर्फ आज. अहमदाबाद हेड ऑफिस से बोल रहा हूँ.”

इतरांना मी हेच शिकवते – अनोळखी माणसाला काही सांगू नका. पण काम आपल्या पायांनी चालत आलं होतं, टिक करायला पेन हातात होतं... मी भुलले. त्याने प्लान समजावला, नाव-पत्ता विचारला, मग म्हणाला, “छह नंबर आए होंगे, वो बताइए, सिर्फ वेरिफिकेशन के लिए.” मी आकडे वाचायला लागले. चार सांगून झाले.

तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी धरलं. आत्याचा डावा हात.

“शुभा, थांब,” ती म्हणाली. स्वच्छ, खणखणीत. “लाइन करजणची आहे. अहमदाबादची नाही.”

मीनाबेनच्या हातून तेलाची वाटी पडली. “हाय हाय बेन, मासी बोल्यां!”

आत्याने फोन माझ्या हातातून काढून स्वतःच्या कानाला लावला आणि तिच्या त्या ड्यूटीच्या आवाजात – लहानपणी मी याच आवाजाची नक्कल करत असे – म्हणाली, “भाई, तमे करजणथी बोलो छो. थ्री मिनिट्स ओव्हर. लाइन छोडो.”

पलीकडचा माणूस, आवाजातला सगळा गोडवा जाऊन, “आपको किसने बोला?” एवढंच म्हणाला आणि फोन कट.

कॉलची वेळ पाहिली. तीन मिनिटं, सात सेकंद.

आता माझी अडचण बघा. फोन स्पीकरवर नव्हता. आत्याचं मशीन सेल संपल्यामुळे कपाटात होतं, मशीनशिवाय तिला दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. खोलीतलं घड्याळ तिच्या पाठीमागे. माझा मुलगा इंजिनिअर, त्याला फोन केला. “आई, पूर्वी तारेच्या घरघरीवरून ऑपरेटरला गाव ओळखता येत असेल. मोबाईलला तसली घरघर नसतेच गं.”

“मग तिला कसं कळलं?”

“तूच विचार ना आजीला.”

विचारलं. दहा वेळा विचारलं. ती पंख्याकडे बघत राहिली. त्यानंतर आजपर्यंत एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, एखादं वाक्य येऊन जातं. वाक्याचं मान्य. करजणचं काय?

मी लगेच बँकेला कळवलं, पासवर्ड बदलले, सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली. काही गेलं नाही. तक्रारीत ‘फोन करजणहून आला होता’ असंही लिहून टाकलं, कारण आत्याने लाइन सांगितली की ती चुकत नाही, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत आहे. आल्यागेल्याला मी आता बाबांसारखीच तिची गोष्ट सांगते. मीनाबेन तर अख्ख्या वाडीत सांगत फिरतात, “अमारां मासीए चोर पकड्यो!” चोर सापडलेला नाही. पण ऐकायला बरं वाटतं, मी दुरुस्त करत नाही.

पंधरा दिवसांनी सायबरच्या बाईंचा फोन आला. “बेन, टॉवर करजणचाच निघाला. आम्हाला आता कळलं, तुम्ही त्याच दिवशी लिहिलंय. कोणी सांगितलं? तेवढं एका पानावर लिहून, सही करून आणून द्या.”

‘सायबरला जबाब’ हे काम तेव्हापासून माझ्या यादीत पहिल्या नंबरवर आहे. दर शनिवारी कोरा कागद घेऊन बसते, वर तारीख घालते, हजर कोण ते लिहिते. पुढचं अजून लिहायचं राहिलंय.