हाय ना अजून?

महाडच्या माझ्या सायबर कॅफेत एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक दर सोमवारी यायचे. जुन्या रेडिओंच्या सर्किटचे कागद त्यांना इंटरनेटवर ठेवायचे होते, कुणालाही मिळावेत म्हणून. दोन साइट त्यांनी झटकून टाकल्या. "पासवर्ड मागतात. रेडिओ खोलून बसलेल्या माणसाला नावगाव कशाला इचारायचं?" तिसरी फुकट होती, लगेच उघडायची. मी सगळे कागद स्कॅन करून तिच्यावर चढवले आणि जागा अडते म्हणून माझ्याकडच्या प्रती पुसल्या. त्यांनी तर मूळ कागदही ठेवले नाहीत. नाते असो की पोलादपूर, ज्या गावचा रेडिओ दुरुस्तीला येई, त्याच्या पेटीत त्याचा कागद घडी घालून ठेवत.

खुर्चीत टेकण्याआधीच दर वेळी विचारत, "हाय ना अजून?"

एका सोमवारी पानावर इंग्रजीत लाल पट्टी होती: महिनाअखेर साइट बंद. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "ह्ये लाल काय हाय?"

"जाहिरात आहे, काका."

ते उठताच मी पहिला कागद उतरवून घ्यायला लागलो, तोच वीज गेली. ते दारातून मागे वळले. "लाइट गेली तरी ते तिथं ऱ्हातात ना रे?"

"राहतात," मी काळ्या पडद्याकडे बघत म्हणालो.