राणीची मिशी

निजामाच्या अमदानीत परभणीच्या आमच्या शाळेत सगळं शिक्षण उर्दूतून. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, मराठी आपली घरी बोलायची. पण वर्षाच्या जलशात एक मराठी नाटक करायची परवानगी होती, आणि त्या एका नाटकासाठी आम्ही मॅट्रिकची पोरं जीव टाकायचो. शाळा सुटली की मागच्या पत्र्याच्या खोलीत तालीम. काय दिवस होते ते! पोटात कावळे ओरडायचे, पण घरी जावंसं कुणालाच वाटायचं नाही.

त्या वर्षी मला राणीचं काम मिळालं. मुली कुठल्या शाळेत! पोरांनीच लुगडं नेसायचं. शाळेसाठी मी परभणीतच राहायचो; सुट्टीला गावी गेल्यावर घरी सांगितलं तर आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बोलणंच टाकलं. "शाळा शिकाय धाडलंय, नाचाय न्हाई," एवढंच म्हणाले अन् उठून शेताकडं गेले. आबांनी नाटक बघावं, ही तर माझी सगळ्यात मोठी हौस होती.

माझा आवाज बारीक, चालही बरी. नडलं ते नुकतंच फुटलेलं मिसरूड. नाटक बसवणारे मास्तर औरंगाबादचे. "मिशीवाली राणी बघून लोक दगडं मारतील," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या वस्तऱ्यानं ते साफ करून टाकलं. आमच्या खेड्यात बाप गेल्याशिवाय पोरगा मिशीला वस्तरा लावत नाही. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही, पण राणीच्या तोऱ्यात ती आठवतेय कुठली!

शुक्रवारची सुट्टी असायची. गुरुवारी आईचं हिरवं लुगडं आणायला म्हणून गावी निघालो. पिंगळीच्या ठेसनावर उतरलो तर समोर मामा. आमच्याकडंच निघालेले, बैलगाडी ठरवून. मी हाक मारली. मामांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, डोक्यावरच्या टोपीकडं पाहिलं, हातातल्या पिशवीकडं पाहिलं आणि मटकन खालीच बसले.

"आबाचं असं व्हाया नको होतं रं लेकरा!"

मला वाटलं, घरून सांगावा गेला म्हणूनच मामा आलेत. त्यांना वाटलं, टोपीखाली डोकं भादरलेलं, अन् मी गंगाखेडला गोदावरीत अस्थी सोडून परत आलोय. ना त्यांनी मला काही विचारलं, ना मी त्यांना. विचारायची छातीच झाली नाही. एकमेकांच्या गळ्यात पडून आम्ही जे रडायला लागलो ते पार वेशीपर्यंत. आबा माझ्याशी न बोलताच गेले, हे मला सोसवेना. गाडीवानसुद्धा डोळे पुसत होता.

घरापुढं गाडी थांबली. आबा ओट्यावर बसून चऱ्हाट वळत होते.

"काय रं, कोण मेलं?" ते म्हणाले.

मी पळत जाऊन त्यांचे पायच धरले. मामा तोंडाचा आ करून उभे. मग आबांची नजर माझ्या ओठावर गेली. "मी जित्ता हाय अजून!" असं ओरडून त्यांनी चऱ्हाट उगारलं. आई मधे पडली म्हणून वाचलो. हुंदके देत देत सगळं सांगितलं.

आबांनी चऱ्हाट खाली ठेवलं. मामांना म्हणाले, "लय रडला का ह्यो?"

"पिंगळीपसून. थांबंनाच की."

आबांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. "दे त्याला लुगडं," ते आईला म्हणाले. "अन् माझं धोतर धुऊन ठिव. मी बी जातो. लोकायला दिसू दे, राणीचा बाप जित्ता हाय."

जलशाला आबा लाल पटका बांधून सगळ्यात पुढं बसले. उर्दूतल्या भाषणांतलं त्यांना काही कळलं नाही, पण जागचे हलले नाहीत. मी लुगडं नेसून आलो तसे शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले, "आमचं पोरगं हाय ते!" हशा पिकला आणि मी माझं वाक्यच विसरलो. इतका आनंद मला पुन्हा कशानंच झाला नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी खरंच सांगावा आला. मी त्याच ठेसनावर उतरलो. मामा तेव्हा नव्हते. गाडीत मला रडूच येईना. आता गाडी थांबेल, आबा ओट्यावर चऱ्हाट वळत असतील आणि विचारतील, कोण मेलं रं, असंच सारखं वाटत राहिलं.

गाडी थांबली. ओट्यावर न्हावी माझी वाट बघत बसला होता.