चारुता मॅडमच्या सवलती

कोन गावाच्या पुढे बद्रुद्दीन शेठचं कंटेनर यार्ड आहे. कुणाचा कंटेनर कधी आला, किती दिवस पडून आहे, भाडं किती झालं, हे सगळं तिथल्या डेटाबेसात असतं आणि तो डेटाबेस सुकापूरच्या चारुता मॅडम सांभाळतात. सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं, लायसन्सच्या नावाखाली दरवर्षी शेठचा खिसा कापणारं. "शेठ, हे सोडा. ओपन सोर्सवाला घेऊ, त्याला लायसन्सचे पैसेच लागत नाहीत," असं टुमणं मॅडमनी वर्षानुवर्षं लावलं होतं. यंदा शेठ वैतागून म्हणाले, "आणा हिशेब!"

मॅडम हरखल्या. पण हिशेबाला बसल्या आणि आपणच घालून ठेवलेला घोळ समोर उभा राहिला. शेठचा कारभार सगळा तोंडी. फोन यायचा, "मॅडम, वेणूच्या कंटेनरचं गणपतीतल्या दिवसांचं भाडं सोडा," "उरणच्या पार्टीला ईदची माफी द्या." मॅडम लगेच डेटाबेसच्या पोटात नियम लिहून मोकळ्या, तोही त्या कंपनीच्या खास भाषेत. अशा शेकडो सवलती साठल्या होत्या. नव्या डेटाबेसला ती भाषा कळणार नव्हती. सगळं पुन्हा लिहायचं म्हणजे दोन माणसं, दीड वर्ष, आणि तोवर जुनं लायसन्सही चालूच.

दुसऱ्या कुणी हा खर्च गुपचूप दाबला असता. मॅडमना कुठलं जमायला! त्यांनी होता तसा मांडला.

"या खुदा! फुकटचं इतकं महाग?" शेठ म्हणाले.

शेजारी पुतण्या शाहीद टपलेलाच होता. "चाचा, दोन्ही नको. आजकाल सगळी सिस्टिम भाड्याने मिळते. डेटाबेस त्यांचा, माणसंही त्यांची."

शेठनी होकाराची मान हलवली. मॅडमकडे मात्र बघितलं नाही.

नव्या कंपनीला फक्त कंटेनरच्या नोंदी हव्या होत्या. "नियम नकोत, आमच्याकडे सगळ्यांना एकच दर," त्यांनी सांगितलं. उमेदीची सगळी वर्षं ज्यात घातली ते काम मॅडमनी स्वतःच्या हाताने पुसलं. फार वाईट वाटलं त्यांना, आणि ते सांगायला त्यांच्या कॉम्प्युटरच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी टेबल आवरताना फोन वाजला. सवयीने शेठच.

"मॅडम, काशीरामची आई गेली. त्याच्या कंटेनरचे चार दिवस सोडून द्या."

"आता नाही होत, शेठ."

"म्हणजे? घाला की एक नियम."

"घालायला जागाच नाही."

शेठनी हळूच विचारलं, "मग त्याला काय सांगू मी?"

मॅडमनी फोन ठेवला आणि खोलीची किल्ली शाहीदच्या टेबलावर नेऊन ठेवली.